इंधनटाक्यांवर पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांत पैसे घालावेत का?

उद्यमनगरी (धागाकर्ता):
परवा येथे एका सदस्याने लिहिले की, पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांची गळती ओळखणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचे शेअर डोळे मिटून घ्यावेत, कारण टाक्या गंजणारच आणि पंपवाल्याला यंत्र बसवावेच लागणार. हा सल्ला वाचून गप्प बसवेना. केवळ हेच काम करणारी मोठी कंपनी शोधायला गेल्यास हाती काही लागत नाही. टाक्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रे बनवणारी व्हीडर-रूट ही व्हॉन्टियर या मोठ्या कंपनीच्या पोटात आहे. फ्रँकलिन इलेक्ट्रिक मुख्यतः पाण्याचे पंप आणि ते चालवणाऱ्या विजेच्या मोटर विकते, इंधनाचा विभाग त्यात लहान. डोव्हरच्या पसाऱ्यात तर इंधन हा अनेक धंद्यांपैकी एक. शिवाय मागणी गंजामुळे येत नाही, सरकारी मुदतीमुळे येते. 1988 च्या अमेरिकी नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यासाठी 22 डिसेंबर 1998 पर्यंत अवधी दिला होता. मुदत जवळ आली की ऑर्डरींची रीघ लागते, मुदत उलटली की शुकशुकाट होतो. पंपावर चिपचे कार्ड स्वीकारणारी यंत्रेही व्हॉन्टियर विकते; त्यांची एप्रिल 2021 ची मुदत सरल्यावर तिने पुढे हाच उतार पाहिला.

निवृत्त शाखाधिकारी:
तो सल्ला माझाच होता, तेव्हा उत्तरही मीच देतो. मुदतीपर्यंतची कथा आपण सांगितलीत आणि पुढची सोयीस्करपणे सोडलीत. तेथे गळतीची तपासणी दर 30 दिवसांनी करावी लागते, आणि 2015 च्या सुधारणेनंतर तपासणीची उपकरणेही दरवर्षी तपासून घ्यावी लागतात. म्हणजे यंत्र एकदा विकले तरी सुटे भाग, देखभाल आणि सॉफ्टवेअर यांचे उत्पन्न चालू राहते. लेथ विकून मोकळे होणाऱ्या कारखानदारांना हे उमगणे कठीण आहे.

पंपचालक:
आपण दोघेही शेअरवर बोलता आहात, त्या यंत्राखाली नांदतो मी. त्याच्या टाकीतल्या दांडीवर दोन फ्लोट, म्हणजे तरंगते भाग असतात, एक इंधनाचा व एक पाण्याचा, आणि आकडे थेट तेल कंपनीकडे जातात. उन्हाळ्यात टँकर तापून येतो आणि टाकीत इंधन थंड होते. 20 हजार लिटर पेट्रोल एका अंशाने थंड झाले, तरी आकारमान 20 लिटरच्या आसपास घटते. मग शॉर्टेजचा खुलासा मागणारे पत्र मला येते, यंत्र बनवणाऱ्याला येत नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी माझ्या पंपावर छातीभर होते. रिकामी टाकी पुराच्या पाण्यात वर उचलली जाते, म्हणून आम्ही टाक्या आधीच भरून घेतल्या होत्या. तरी झिजलेल्या झाकणातून डिझेलच्या टाकीत पाणी शिरले. यंत्राचा पडदा त्याआधीच बुडून बंद पडला होता, त्यामुळे शेवटी डिप रॉडला, म्हणजे टाकीत बुडवायच्या मोजदांडीला, पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट लावूनच तळाचे पाणी मोजावे लागले.

गंगावेशकर:
घटीचे रडगाणे पुरे झाले. माझ्या मामांच्या घरामागच्या विहिरीच्या पाण्याला काही वर्षांपूर्वी पेट्रोलचा वास येऊ लागला, आणि शेजारचा पंपवाला मात्र ‘डिप बरोबर आहे’ एवढेच महिनोन्महिने सांगत राहिला. अमेरिकेतील मासिक चाचणीला ताशी 0.2 गॅलन, म्हणजे पाऊण लिटर गळती पकडावी लागते. डिप रॉडने एवढी गळती दिसते का, हे आपण छातीवर हात ठेवून सांगावे.

पंपचालक:
दुसऱ्याच्या पंपाचे पाप माझ्या माथी मारू नये. पाऊण लिटर रॉडवर दिसत नाही, हे मान्य करतो; समाधान झाले असेल तर पुढे वाचा. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायला लागल्यापासून घोर वाढला आहे. टाकीत थोडे पाणी शिरले तर ते पेट्रोलमध्येच विरघळून राहते, आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉलला बरोबर घेऊन तळाला बसते. हा थर निव्वळ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे जुना पाण्याचा फ्लोट त्यावर उचलला जात नाही. पडद्यावर पाणी शून्य दिसते, आणि गाडी बंद पडली की ग्राहक माझी गचांडी धरतो.

निवृत्त शाखाधिकारी:
म्हणजे नवे फ्लोट लागणार. माझ्या बाजूने इतका चांगला पुरावा मला स्वतःलाही मांडता आला नसता, आभारी आहे.

पंपचालक:
माझ्या पंपावर तो फ्लोट मी विकत घेत नाही, तेल कंपनी घेते.

उद्यमनगरी:
नेमके हेच! देशात 90 हजारांच्या वर पंप आहेत म्हणून हरखून जाण्यात अर्थ नाही, कारण त्यांतील बहुतेक तीन सरकारी तेल कंपन्यांचे आहेत आणि खरेदी निविदेने होते. निविदेत दर कसे पिळले जातात, हे मी कास्टिंग पुरवून शिकलो आहे. आपल्याकडे मध्यवर्ती प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये पंपांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्यांचा रोख नव्या पंपांवर होता. देखभालीचे उत्पन्न टिकते, हा मुद्दा मी शाखाधिकारीसाहेबांना देऊन टाकतो. मात्र आपण स्वतः किती शेअर घेतले आहेत, तेही सांगावे.

निवृत्त शाखाधिकारी:
व्हॉन्टियरचे अकरा. लाभांश एका शेअरला वर्षाला 10 सेंट, त्यातून 25 टक्के अमेरिकेतच कापले जातात, आणि उरलेल्यासाठी मी दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे शेड्यूल भरतो. त्या रकमेत एक मिसळही येत नाही, असे आमच्या सौभाग्यवतींनी मोजून दाखवले आहे. पण मी लाभांशासाठी घेतलेलेच नाहीत.