मदत हवी आहे: कॅम्पिंगला जाताना सायकली टपावर न्याव्यात, डिकीवर की टो बारवर?

उनाडचाक:

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं. माझी सायकल १५ किलोची, बायकोची बॅटरीवाली २४ किलोची, लेकीची २० इंची ९ किलो आणि धाकट्याची १६ इंची ७ किलो (वजनकाट्यावर सायकल धरून उभा राहिलो, मग माझं वजन वजा केलं). गाडी हॅचबॅक. डिकीत तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन ठेवले की सुई शिरायला जागा राहत नाही.

मागच्या खेपेला एकाकडून डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक उसना आणला होता. जाताना सगळं छान. मुक्कामी पोचलो तर अंधारून आलेलं, पाऊस सुरू झालेला आणि तंबू डिकीत! डिकी उघडायची तर रॅक काढा, रॅक काढायचा तर आधी सायकली काढा. चारही सायकली चिखलात आडव्या टाकल्या आणि ओल्या हातांनी सहा बकलं सोडवत बसलो. मुलं आतून काचेला नाकं लावून मजा बघत होती. तंबू उभा राहिला तोवर आमच्या दोघांत अबोला झाला होता. सकाळी पाहिलं तर पट्ट्याखाली धूळ अडकून डिकीच्या कडेचा रंग घासला गेला होता, आणि एका सायकलच्या पेडलने दुसरीच्या नळीवर बोटभर लांब चरा ओढला होता.

आता स्वतःचंच काहीतरी घ्यायचं म्हणतोय. चारही टपावर जातील का? की टो बार (ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे लावतात तो गोळ्याचा दांडा) बसवून त्यावर रॅक घ्यावा? जाणकारांनी सांगावं.

गंजलेली_चेन:

टपाचं आधी गणित मांडा. गाडीच्या पुस्तकात टपावरचा कमाल भार दिलेला असतो, लहान गाड्यांना बहुधा ५० ते ७५ किलो. त्यात टपावरचे आडवे दांडे आणि सायकल ठेवायचे ट्रेसुद्धा धरायचे, हे लोक विसरतात. तुमच्या सायकली झाल्या ५५ किलो. चार ट्रे साधारण १६, दोन दांडे ५. झाले ७६. बॅटरी काढून गाडीत ठेवली (ती तशीही काढावीच) तर तीनेक किलो कमी होतील, पण उरलेली २१ किलोची सायकल दिवसभर गाडी चालवून दमल्यावर डोक्यावर उचलायचीय कोणी?

वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ६० वरून १०० वर गेलात की तो पावणेतीनपट होतो, आणि इंधनाचा काटा ते लगेच दाखवतो.

शिवाय टपावर सायकल आहे हे माणूस विसरतो. मी विसरलो होतो. पार्किंगच्या तोंडाशी उंचीचा आडवा पाइप टांगलेला. कडकड आवाज आला, मला वाटलं मागच्याने ठोकलं. उतरून बघतो तर सॅडल मान टाकून पडलेलं, हँडल वाकलेलं. तेव्हापासून सायकलींसह गाडीची उंची कागदावर लिहून स्पीडोमीटरशेजारी चिकटवतो.

तंबूठोक्या:

तुमचं खरं दुखणं डिकी न उघडण्याचं आहे. त्यावर टो बारचा, मागे कलणारा रॅक हाच उपाय. पायाने खटका दाबला की सायकलींसकट मागे झुकतो आणि डिकी उघडते. घेण्याआधी आपल्या गाडीचं दार पूर्ण वर जातं का, हे मात्र सायकली चढवूनच बघा.

पण चार सायकलींचा रॅक नको. टो बारच्या गोळ्यावर किती उभा भार चालतो त्याचाही आकडा असतो. चार सायकलींचा रॅक स्वतःच २० किलोच्या आसपास भरतो. काही गाड्यांना, विशेषतः हायब्रिड आणि इलेक्ट्रिक, टो बार लावायची परवानगीच नसते, तेही बघून घ्या.

जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. कच्च्या रस्त्यावर मागचं टोक फार उसळतं, म्हणून दोन्ही चाकांतून एक जादा पट्टा. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका, गरम धुराने रबर वितळतं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, तेव्हा रॅकवर दिवे आणि नंबरप्लेट लावायची सोय हवीच.

पानाफिरव्या:

चारही एकाच जागी न्यायच्या हा हट्ट का? दोन मोठ्या मागे, पोरांच्या आत. स्लीपिंग बॅगा आणि गाद्यांना जागा फार लागते पण वजन काहीच नसतं. त्या टपावरच्या बंद पेटीत टाका, डिकी मोकळी होईल.

लहान सायकलींची पेडल काढा, हँडल सैल करून आडवं फिरवा. गिअर असतील तर ती बाजू वर ठेवा आणि मध्ये जुनी चादर घाला. आणि बांधा! करकचून ब्रेक लागला तर सुटी सायकल थेट मुलांच्या मानेवर येते. डिस्क ब्रेकवालीचं चाक काढलंत तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा खुपसा, नाहीतर कोणीतरी लिव्हर दाबतो आणि पॅड चिकटून बसतात.

रानभूल:

चेनशी +१. पट्टे कुठलेही असोत, निघाल्यावर २५-३० किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढा. पहिल्या टप्प्यात सैल पडतातच.

उनाडचाक:

सगळ्यांचे आभार. पुस्तक सापडलं. टप ७५, टो बारवर ६०. म्हणजे दोन मोठ्या (बॅटरी काढून ३६) अधिक १६ किलोचा रॅक, ५२. बसतंय! बायकोच्या सायकलला वरचा दांडा नाही, त्यामुळे टांगायचा रॅक बाद. चाकं खोबणीत उभी राहणाराच घेईन.

काल धाकट्याची सायकल डिकीत घालून बघायला घेतली. उजवं पेडल निघालं. डावं अर्धा तास झाला हलत नाही, तेल सोडलं, पान्याला पाइप लावला.

पानाफिरव्या:

थांबा, मोडाल! डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पेडलं तशीच सुटतात.

उनाडचाक:

निघालं. अर्धा तास ते आवळतच होतो.