मदत हवी आहे : काळ्या जमिनीवरील गोल्फ ग्रीनचे एरेशन मृगापूर्वी करावे की पोळ्यानंतर?

नमस्कार. मराठवाड्यातील एका लहान, नऊ होलच्या गोल्फ मैदानाच्या गवताची जबाबदारी गेल्या वर्षीच्या मार्चपासून माझ्याकडे आहे. माझे शिक्षण कृषी शाखेचे असले, तरी त्याआधीचा सगळा अनुभव कापूस, सोयाबीन आणि उसाचा आहे. त्यामुळे हिरवळीचे काम मी चार माळी सहकाऱ्यांबरोबर करता करताच शिकत आहे. एरेशन, म्हणजे हिरवळीत छिद्रे पाडून मुळांना हवा देण्याचे काम, कधी करावे याचा निर्णय येत्या तीन आठवड्यांत घ्यायचा आहे आणि तो चुकला तर संपूर्ण पावसाळा वाया जाईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या लांब पट्ट्यांवर, आपली साधी हरळीच आहे, तर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, टिफड्वार्फ ही संकरित हरळी आहे. लहानपणी वडिलांबरोबर शेतातून हरळीच्या काशा (मुळे फुटणारी खोडे) वेचून बांधावर जाळल्या आहेत, त्यामुळे या गवताची चिवट वाढ मी चांगली ओळखतो. परंतु टिफड्वार्फ रोज ४ मिलिमीटरवर कापले जाते आणि एवढ्याशा पानावर त्याला स्वतःचे पोषण करायचे असते. त्याला बीही धरत नाही, म्हणजे एखादा भाग मेला तर काशा लावूनच तो भरून काढावा लागतो.

मूळ अडचण जमिनीखाली आहे. शास्त्रीय पद्धतीने बांधलेल्या ग्रीनमध्ये तळाशी सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थर असतो. आमच्याकडे मात्र काळ्या भारी मातीवर जेमतेम ७ ते ८ सेंटिमीटर वाळू पसरलेली आहे. उन्हाळ्यात खालची माती भेगाळते. पावसाळ्यात तीच फुगून पाणी धरून ठेवते. गेल्या ऑगस्टच्या झडीत तीन ग्रीन पिवळे पडले, त्यांवर शेवाळ आले आणि पाठोपाठ बुरशीचे चट्टे दिसू लागले. ऑक्टोबरमध्ये खोदून पाहिले, तेव्हा मुळे ४ सेंटिमीटरच्या खाली गेलेलीच नव्हती आणि वाळू व माती जिथे मिळतात तिथे काळा, कुबट वासाचा थर तयार झाला होता.

यात माझीही चूक होती, ती सांगितली पाहिजे. जुलैच्या उघडिपीत वाफसा येण्याची, म्हणजे माती कामाजोगी निथळण्याची, वाट न पाहता मी मातीच्या गुंडाळ्या उपसून काढणारे पोकळ दात्यांचे यंत्र फिरवले. ओल्या मातीत छिद्रांच्या कडा लिंपल्यासारख्या बंद झाल्या, वरून आभाळ सतत भरलेले असल्याने हरळीला ऊन मिळाले नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत भरून यायला हव्या होत्या त्या जखमा सप्टेंबरपर्यंत तशाच राहिल्या.

आता पहिला पर्याय रोहिणी नक्षत्राचा, म्हणजे मेअखेरीचा. उष्णतेमुळे वाढ जोमाने होईल आणि छिद्रे वाळूने भरून पावसाला सामोरे जाता येईल. पण उघड्या छिद्रांतून ओल झपाट्याने उडते. नऊ ग्रीनचे क्षेत्र मिळून सुमारे ४,५०० चौरस मीटर आहे, तेव्हा दिवसाला ६ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी २७,००० लिटर लागतात. आमच्याकडे शुद्ध केलेले सांडपाणी येते, ते याच्या निम्मेच आहे. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी गवतासाठी मागणे मला पटत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले होते. आसपासच्या गावांत आजही पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत असताना हा प्रश्न माझ्यासाठी नुसता तांत्रिक नाही.

दुसरा पर्याय पोळ्यानंतरचा. पाणी असते, ऑक्टोबरचे ऊन मिळते आणि थंडीने वाढ मंदावण्यापूर्वी गवताला सावरायला वेळ मिळतो. मात्र सप्टेंबरमध्ये आपल्याकडे जोराचा पाऊस होतो, त्यामुळे वाफसा कधी येईल याची खात्री नसते. शिवाय आणखी एक पावसाळा त्याच गुदमरलेल्या ग्रीनवर काढावा लागेल.

म्हणून माझ्या मनात मधला मार्ग आहे. आता फक्त बारीक, भरीव दात्यांनी छिद्रे पाडावीत, मातीच्या गुंडाळ्या बाहेर काढू नयेत. कापणीची उंची मृगापूर्वीच ६ मिलिमीटरवर न्यावी. आणि पोकळ दात्यांचे मोठे काम ऑक्टोबरच्या पहिल्या वाफशावर करावे. काळ्या जमिनीवरील ग्रीन किंवा क्रिकेटचे मैदान सांभाळलेल्या कोणी असे केले आहे काय? भरीव दात्यांमुळे भारी मातीत छिद्राभोवतीचा भाग आणखी घट्ट होतो, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे, आणि मला ते खोडता आलेले नाही.

वाळूबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. नदीची वाळू मिळणे अवघड झाल्याने पुरवठादार क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) सुचवतो. तिच्यात दगडाची भुकटी असते. धुऊन आणि चाळून घेतली तरी जुन्या वाळूवर वेगळ्या कणांचा थर बसून पाणी तिथेच अडेल, अशी मला भीती वाटते.

मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीसाठी मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी वापरतो आणि पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे रात्री गोळा करतो, त्यामुळे तिकडे सध्या चिंता नाही.

यंत्र भाड्याचे आहे आणि ते ५ जूनपर्यंतच आमच्याकडे राहणार आहे. त्याआधी एका ग्रीनच्या अर्ध्या भागावर भरीव आणि उरलेल्या अर्ध्यावर पोकळ दाते चालवून पाहण्याचा विचार आहे. या चाचणीत नेमके काय मोजावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.