आजोबांची लढाईतली पत्रं: फोटोसारखा कागद, मोडी अक्षर आणि आजीनं बांधलेली गाठ

लष्करची_माई (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात जनकगंजात राहते. छत्तीस वर्षं मुलींना संस्कृत शिकवून आता घरी आहे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि आडनाव. रंग उडालाय, पण बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागतात. आत दुसऱ्या महायुद्धातली त्यांची पत्रं. मोजली तर त्रेपन्न भरली.

आजोबा १९४२ च्या दसऱ्यानंतर झाशीला जाऊन फौजेत भरती झाले. मॅट्रिक झालेले, अक्षर मोत्यासारखं, म्हणून रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये हवालदार क्लार्क. परतले ते थेट १९४६ च्या उन्हाळ्यात. माझी आत्या जन्मली मे १९४३ मध्ये. म्हणजे लेक तीन वर्षांची होईपर्यंत त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. लढाईचा विषय त्यांनी आमच्यासमोर कधी काढला नाही. घरात यावरून कायमचे दोन पक्ष: काका म्हणायचे आजोबा मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये होते, माझे वडील म्हणायचे इटलीत. पत्रांवर गावाचं नाव कुठेच नाही, नुसता एफ.पी.ओ. (फौजेचं फील्ड पोस्ट ऑफिस) आणि पुढे आकडा.

आता माझ्या शंका. नऊ पत्रं चक्क फोटोच्या गुळगुळीत कागदावर आहेत, तळहाताएवढी. अक्षर आजोबांचंच, पण इतकं बारीक की भिंग लागतं. मग मूळ पत्रं कुठे गेली? दुसऱ्या एका पत्राच्या मधोमध खिडकीसारखा चौकोन कापलेला आहे. चुलतभाऊ म्हणतो उंदरानं खाल्लं. उंदीर असा सरळ रेषेत खात नाही हो.

पणजोबांना लिहिलेली सगळी पत्रं मोडीत. मला त्यातलं वरचं 'श्री' आणि खालची सही एवढंच लागतं. एकाचा फोटो खाली टाकलाय, कोणाला वाचता आलं तर उपकार होतील.

एका बालबोध, म्हणजे देवनागरीतल्या पत्रातला हा मजकूर बघा, तारखेचा कोपरा फाटलाय: "येथे जवळचा डोंगर पाच-सहा दिवस धुमसत आहे. रात्री लाल दिसतो. तंबूवर राखेचा थर साचतो तो सकाळी फावड्याने ओढावा लागतो. परंतु तुम्ही काळजी करू नये, जेवणखाण वेळेवर आहे." हा कुठला डोंगर असेल?

आणि खरं विचारायचं आहे ते हे. त्या त्रेपन्नात न धरलेला आणखी एक लहान गठ्ठा आहे. आजीच्या खणाच्या तुकड्यात बांधलेला, वर तीन गाठी, एकावर एक. कडेनं दिसतात त्यावरून सात पत्रं असावीत. गठ्ठ्यासोबत एक रिकामं पाकीट, त्यात लाल दोऱ्याचा तुकडा. पट्टीनं मोजला, साडेचार इंच, दोन्ही टोकांना गाठ. कशाचा ते कोणालाच माहीत नाही.

आजीला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. बाकीची पत्रं तिनं ट्रंकेत मोकळी ठेवली, एवढीच बांधली. पुण्याचा भाऊ म्हणतो सगळी उघडून लॅमिनेट करू, म्हणजे कायमची टिकतील. माझा हात त्या गाठीपर्यंत जातो आणि मागे येतो. तुम्ही असता तर सोडली असती का?

निवृत्त_सुभेदार (महू)

माईसाहेब, जय हिंद. आधी सोपं तेवढं सांगतो.

फोटोच्या कागदावरचं पत्र म्हणजे एअरग्राफ. जवानाला छापील फॉर्म मिळायचा. त्यावर लिहिलेल्या मजकुराचा बारक्या फिल्मवर फोटो काढायचे, फिल्मचं रीळ विमानानं पाठवायचे आणि इकडे पोचल्यावर प्रिंट काढून टपालानं घरी. १९४१ मध्ये ही सोय सुरू झाली. विमानात जागा कमी, आणि बोटीनं येणारी डाक महिनोन्महिने रखडायची, बोट बुडाली तर सगळंच गेलं. मूळ फॉर्म घरी यायचाच नाही. तुमच्या हातात आहे तेच पत्र, दुसरं शोधू नका.

चौकोन उंदराचा नाही, सेन्सॉरच्या ब्लेडचा. गावाचं, पलटणीचं, जहाजाचं नाव आलं की कापायचे. पाठीमागचा मजकूरही त्यात जायचा, मग तो बायकोच्या तब्येतीबद्दल का असेना.

डोंगराचं वाचून मी खुर्चीतून उठलो. तो व्हेसुव्हिअस, इटलीत नेपल्सजवळचा. १८ मार्च १९४४ च्या सुमाराला पेटला आणि आठवडाभर राख ओकत होता. त्यानंतर आजपर्यंत पुन्हा पेटलेला नाही, त्यामुळे तारखेत चूक व्हायला जागाच नाही. नेपल्स म्हणजे रसद उतरवायचं मोठं बंदर. त्याच आठवड्यात तिथून शंभर किलोमीटरच्या आत कॅसिनो या गावी आपली चौथी डिव्हिजन लढत होती. डोंगरावर खेचरांवरून सामान चढायचं. वरच्या माणसाला आटा, डाळ, तूप पोचलं की नाही याचा हिशेब तुमच्या आजोबांसारखे क्लार्क ठेवत. याला कोणी लढाई म्हणत नाही, पण हे नसेल तर पुढची लढाई होतच नाही. काकाही खोटं बोलत नव्हते. इटलीत गेलेल्या आपल्या डिव्हिजन मध्यपूर्वेतूनच पुढे गेल्या.

घरात कुठे सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा आहे का बघा. फीत लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल असेल तर तो इटली स्टार. ट्रंकेवरचा नंबर पुसू देऊ नका, सेवेचं रेकॉर्ड मागायचं तर तोच लागतो.

गाठीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सोडू नका. मी १९७१ मध्ये पूर्वेकडे होतो. पत्ता एकच, फौजेच्या टपालाचा, ९९ ए.पी.ओ. घरच्यांना आम्ही आसामात आहोत की ढाक्याच्या वाटेवर, काही कळायचं नाही. रात्री टॉर्चला रुमाल बांधून बायकोला जे लिहिलं ते तिच्यासाठी लिहिलं. ती पत्रं तिच्या कपाटात आहेत आणि मुलांना सांगून ठेवलंय, आमच्या मागे ती आमच्याबरोबर जाऊ द्या. सेन्सॉरनं एकदा वाचलं, तेवढं पुरे.

कागदकाम (इंदूर)

माई, मी जुने कागद आणि पोथ्या दुरुस्त करते. कृपा करून लॅमिनेट करू नका. आज चकचकीत दिसेल, पण उष्णतेनं आणि डिंकानं कागद आतल्या आत पिवळा पडत जातो आणि पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेप नको, स्टेपल नको. टाचण्या लागल्या असतील तर गंजलेल्या टाचणीला ओढू नका, मागून हलकेच वाकवून काढा.

एक गोष्ट नक्की तपासा. पत्रं पेन्सिलीनं लिहिल्यासारखी करडी दिसतात, पण कुठे कुठे जांभळे डाग आहेत का? असतील तर ती कॉपिंग पेन्सिल. फौजेत तिचा वापर सर्रास होता, कारण दौत सांभाळावी लागत नाही. तिला पाणी लागलं की अक्षर जांभळं होऊन पसरतं. घडी उलगडत नाही म्हणून ओला बोळा फिरवलात तर मजकूर गेला. ओल्या हातानंही धरू नका. माझ्याकडे एक पत्र आलं होतं, त्यावर एकच जांभळा ठिपका, अगदी गोल. घरचे म्हणाले पावसाचा थेंब असेल. पत्र घराबाहेर कधी गेलंच नव्हतं.

एअरग्राफ वेगळे ठेवा, ते फोटो आहेत, शाईच्या कागदाला चिकटवून नकोत. बाकीची धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा, आपले जुने लोक दप्तर रुमालात बांधत तशी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कापडी पुरचुंडीत, थेट कागदावर डाग पडतो.

सुभेदारकाकांशी मी या एका बाबतीत सहमत नाही. ऐंशी वर्षं एकाच घडीत राहिलेला कागद घडीवरच तुटतो, आणि खणाचा रंग ओलीनं उतरतो. वाचू नका, पण उघडून बघा तरी. न उघडता जपणं म्हणजे काही वर्षांनी चुरा जपणं.

बडोदेकर_मोडी (बडोदा)

ताई, तुमचा फोटो वाचला. अक्षर सुरेख आहे. आधी ओळ आखून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेलं, जुन्या कारकुनी वळणाचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, ते मी नीट करून देतोय:

"तीर्थरूप दादांचे सेवेसी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले पत्र पावले. विहिरीचा दोर बदलला असेलच. म्हैस विकू नये, मुलीस दूध लागेल. एक काम आहे. मुलीचे मनगटाचे माप दोऱ्यावर घेऊन पत्रात घालून पाठविणे. येथे पोवळी चांगली व स्वस्त मिळतात, मनगट्या कराव्या असे मनात आहे. घरात कारण सांगू नये."

हे 'घरात' म्हणजे तुमची आजी. वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. आणि हे पत्र मोडीत का, तर आजीला बालबोधच येत होती. तिला कळू नये एवढ्यासाठी. तुमचा साडेचार इंचांचा दोरा कशाचा ते कळलं ना? नेपल्सच्या बाजूचं पोवळ्याचं काम पूर्वीपासून नावाजलेलं आहे, म्हणजे सुभेदारसाहेबांचा डोंगर बरोबर.

आणखी एक सांगतो, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायांच्या पत्रांवर सेन्सॉरनं अहवाल तयार केले, ते लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अभ्यासक तेच वाचतात. पण त्यात आहेत ते उतारे, आणि तेही इंग्रजीत केलेले. शिपायानं 'शि. सा. न.' लिहिलं की नुसतं 'नमस्कार', म्हशीची चौकशी आधी केली की लेकीची, हे त्यात उरत नाही. ते तुमच्या ट्रंकेत आहे. म्हणून बाकीच्या त्रेपन्नांचे चांगले फोटो काढाच, पाठपोट, पाकिटासकट.

गाठीचं तुम्ही आम्हाला विचारताय. आत्या आहेत ना? ज्यांच्या मनगटाचा दोरा, त्यांना विचारा.

लष्करची_माई (ग्वाल्हेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, क्षमा असावी.

तारा सापडला. देवघरातल्या चंदनाच्या डबीत होता. फितीचा हिरवा रंग अजून टिकलाय.

आत्या मुरारला राहते, ८२ वर्षांची आहे. रविवारी गठ्ठा आणि दोरा घेऊन गेले. मोडी पत्र तिला वाचून दाखवलं. 'म्हैस विकू नये'ला ती हसली. म्हणाली, बाबा आले तेव्हा मी त्यांना पाहून आईच्या मागे लपले होते, आठ दिवस त्यांना 'फौजवाले काका' म्हणत होते, हे आई नेहमी सांगायची. पोवळ्यांचं विचारलं तर आतून डबा आणला. त्यात नऊ पोवळी, काळ्या मण्यांत ओवलेली. आणली तेव्हा तिचं मनगट केव्हाच मोठं झालं होतं, त्यामुळे तिच्या हातात ती कधी आलीच नाहीत. तिच्या मुलांच्या हातात आली, नातवंडांच्या आली. तिनं लाल दोरा स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला. अर्ध्याच्या जरा पुढे पोचला.

गाठीचं मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, आईची गाठ आहे, मी सोडते. नखानं सोडायला पाऊण तास लागला. कात्री दिली तर घेतली नाही.

पत्रं सातच निघाली. पाच तिनं मला मोठ्यानं वाचायला लावली. सुरुवात सगळीकडे तीच, 'चि. सौ. हीस अनेक आशीर्वाद', आणि पुढे बहुतेक बाळाबद्दलच. रांगते का, दात आले का, कोणासारखी दिसते. एकात दोऱ्याचा उल्लेख आहे, तेवढा इथे देते, आत्यानं परवानगी दिली आहे: "दोरा तुझे हातचा, गाठी तू मारलेल्या, हे पाहताच ओळखले. माप मी काडीवर घेऊन ठेवले आहे. दोरा परत पाठवितो, येथे हरवेल."

उरलेली दोन तिनं माझ्याकडून घेतली. खिडकीशी बसून, भिंग लावून, एकटीनं वाचली. मग आहे त्या घडीत मिटली आणि खणात बांधली, पुन्हा तीन गाठी. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. तो गठ्ठा आता तिच्याकडे आहे.

कागदकाम ताई, तुम्ही म्हणालात तसा खणाचा रंग वरच्या पत्राला लागला होता, म्हणून मधे मांजरपाटाची पट्टी घातली. जांभळे डाग पाच पत्रांवर आहेत. भावाला लॅमिनेशनचं नाही म्हणून कळवलं, तो आता फोटो काढायला येतोय.

बडोदेकर दादा, मोडीची आणखी एकवीस पत्रं आहेत. पोस्टानं पाठवायला जीव धजत नाही. थंडी सरली की मीच घेऊन येईन. तुमचा दिवस तेवढा कळवा.