फ्रान्सच्या ग्रामीण भागातील मोटारविरहित ग्रॅव्हल सायकलमार्ग कसे निवडावेत?

प्रश्न

येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझी पत्नी दोन आठवडे फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलने फिरणार आहोत. दोघांकडेही ४० मिलिमीटर टायरच्या ग्रॅव्हल सायकली, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या सायकली आहेत, सामान मोजके आहे आणि दिवसाला ५० ते ६० किलोमीटरहून अधिक अंतर कापण्याची घाई नाही. आमची अट एकच आहे, ती म्हणजे वाटेवर मोटारी नसाव्यात. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर मागून आलेल्या गाडीचा आरसा पत्नीच्या कोपराला घासून गेला. दुखापत किरकोळ होती, परंतु तेव्हापासून मागून इंजिनाचा आवाज आला की तिचे हात हँडलवर आवळले जातात. ती पुन्हा निर्धास्तपणे सायकल चालवू लागावी, एवढ्यासाठीच हा प्रवास आखला आहे.

गेल्या वर्षी आम्ही इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या एका तयार मार्गाने गेलो होतो. ‘ग्रॅव्हल’ म्हणून दिलेला तो मार्ग बराचसा अरुंद डांबरी जिल्हामार्गांवरून जात होता, आणि उरलेल्या भागात एके ठिकाणी तर वाट जंगलात आडव्या बांधलेल्या साखळीपाशी संपली. म्हणून विचारतो, की ज्या मार्गांवर खरोखरच मोटारींना मज्जाव आहे आणि ज्यांचा पृष्ठभागही डांबरी नाही, असे मार्ग कोणते, आणि ते नकाशावरून आधीच कसे ओळखावेत?

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फ्रान्समध्ये त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. मोटारी आहेत की नाहीत हे मार्गाच्या कायदेशीर दर्जावरून कळते, तर पायाखाली काय आहे हे त्या दर्जावरून मुळीच कळत नाही. ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हरित मार्ग, ही संज्ञा २००४ मध्ये तिथल्या वाहतूक नियमांत आली. असा मार्ग पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार आणि इतर बिगरमोटार प्रवाशांसाठी राखीव असतो, देखभालीच्या गाडीसारखे अपवाद सोडल्यास. याउलट ‘व्हेलोरूत’, म्हणजे सायकलमार्ग, असे लिहिलेला मार्ग कमी रहदारीच्या रस्त्यावरूनही जाऊ शकतो. लोआर नदीकाठची लोकप्रिय सायकलवाट ‘लोआर आ व्हेलो’ सुंदर आहे, पण तिचे बरेच टप्पे गाड्यांसोबतच पार करावे लागतात, त्यामुळे तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही.

आता पृष्ठभाग. फ्रान्समधला पहिला हरित मार्ग बर्गंडीत जिव्री आणि क्लुनी या गावांदरम्यान जुन्या लोहमार्गावर १९९७ मध्ये सुरू झाला, आणि तो गुळगुळीत डांबरी आहे. वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात मात्र बहुतेक हरित मार्ग रोलरने दाबलेल्या बारीक खडीचे किंवा वाळूमिश्रित मुरमाचे आहेत. तिथल्या माहितीपत्रकांत यासाठी ‘स्ताबिलिझे’ हा शब्द असतो, तोच शोधावा.

माझा आग्रह ब्रिटनीसाठी आहे, आणि त्यातही नांत ते ब्रेस्त कालव्यासाठी. सुमारे ३६० किलोमीटर लांबीचा हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खोदला गेला. इंग्रजांचे आरमार समुद्राकडून ब्रेस्त बंदराची कोंडी करत असे, तेव्हा रसद आतल्या आत पोहोचवावी हा त्यामागचा मूळ हेतू. ग्लोमेलजवळची खोल खाच तर कैद्यांना राबवून खोदलेली आहे, आणि तिच्या काठाने जाताना दोन्ही बाजूंचे उंच, झाडीने झाकलेले उतार पाहिले की त्या श्रमांची कल्पना येते. काठाने जी वाट आहे तिच्यावरून पूर्वी घोडे नावा ओढत. म्हणूनच ती जवळजवळ सपाट आहे आणि चढ लागतो तो फक्त लॉकपाशी, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या जलद्वारांपाशी, पाण्याची पातळी बदलते तेवढ्यापुरता.

तुम्ही रेल्वेने रदोंला उतरावे आणि मालेस्त्रुआ, जोस्लँ, रोहान, पोंतिव्ही, कारे असे पश्चिमेकडे जावे. कारेपासून जुन्या लोहमार्गावरचा हरित मार्ग उत्तरेला मोर्ले शहरापर्यंत जातो आणि तिथे पुन्हा रेल्वे मिळते. एकूण अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, म्हणजे तुमच्या वेगाने पाच दिवस. पोंतिव्हीच्या पुढे एका गोष्टीची माहिती असू द्यावी. १९२० च्या दशकात बांधायला घेतलेल्या गेर्लेदां धरणाखाली कालव्याचा एक भाग बुडाला, त्यामुळे नावांचा मार्ग तिथे कायमचा तुटला. सायकलींसाठी मात्र तलावाला वळसा घालून जुन्या लोहमार्गाची वाट आहे. गावांत थोडे अंतर रस्त्यावरून जावे लागते, पण तेवढे पायी चाललात तरी फार वेळ जाणार नाही.

पावसानंतर ही वाळू ब्रेकमध्ये आणि चेनमध्ये शिरते. ब्रेक पॅडचा एक जादा जोड आणि चेनचे तेल जवळ ठेवावे, कारण दोन गावांच्या मध्ये दुकान मिळेलच असे नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. दोन आठवडे कालव्याच्या काठाने गेल्यास सपाट वाटेचाही कंटाळा येऊ शकतो. त्यामुळे दुसरा आठवडा डोंगरात घालवावा, आणि तोही जुन्या लोहमार्गांवरच, कारण आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्याने तिच्या वाटेवर सायकलस्वाराचीही दमछाक होत नाही.

आग्नेय फ्रान्समधल्या आर्देश जिल्ह्यातली ‘दोल्चे व्हिया’ ही माझ्या मते या प्रकारातली सर्वांत सुंदर वाट आहे. इथे अरुंद रुळांची गाडी १९६८ पर्यंत धावत होती. आज तिच्या जागी सुमारे ९० किलोमीटरचा बारीक खडीचा मार्ग आहे, जो रोन नदीकाठच्या ला व्हूल्तहून एरियू नदीच्या खोऱ्याने ल शेलारपर्यंत जातो आणि तिथे त्याला दोन फाटे फुटतात, एक लामास्त्रकडे आणि दुसरा सुमारे हजार मीटर उंचीवरच्या सँ-आग्रेव्हकडे. चढ सलग असला तरी इतका सौम्य आहे, की तो पायांपेक्षा घड्याळाला अधिक जाणवतो. व्हालांसपर्यंत रेल्वेने यावे आणि तिथून ‘व्हिया रोना’ या नदीकाठच्या मार्गाने दक्षिणेकडे ला व्हूल्तला पोहोचावे.

याहून दक्षिणेला ओ-लांगदोक प्रादेशिक निसर्ग उद्यानातून माझामे ते बेदारियू असा सुमारे ८० किलोमीटरचा ‘पासा पाईस’ हा हरित मार्ग आहे. बोगदे, उंच पूल, सँ-पों आणि ओलार्गसारखी दगडी गावे, असे सर्व त्यात आहे, शिवाय दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे. बाहेर ऊन असताना बोगद्यांत एकाएकी अंधारात शिरावे लागते, म्हणून दिवा आधीच लावलेला असावा.

दक्षिण फ्रान्समधल्या कानाल द्यु मिदी या कालव्याविषयी मात्र सावध करतो, कारण नाव मोठे असल्याने लोक डोळे मिटून तिकडे जातात. १६८१ मध्ये पूर्ण झालेला हा कालवा १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तुलूजपासून सुरुवातीचे पन्नासेक किलोमीटर चक्क डांबरी आहेत, त्यानंतर खडी लागते, आणि कारकासोनच्या पूर्वेला अनेक ठिकाणी हातभर रुंदीची, मुळांनी उचकटलेली पायवाट उरते, जिच्या एका बाजूला थेट पाणी असते. त्यातच बुरशीच्या रोगामुळे २००६ पासून काठावरची ‘प्लेन’ जातीची (चिनाराच्या कुळातली) हजारो झाडे तोडावी लागली आहेत, त्यामुळे चित्रांत दिसणारी सावली सर्वत्र उरलेली नाही. ज्यांचा हात अजून थरथरतो त्यांना तिथे नेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. रदों ते मोर्ले हा पहिला आठवडा आम्ही निश्चित केला आहे. दोल्चे व्हियाची छायाचित्रे पत्नीला दाखवली, तेव्हा तिने स्वतःहून नकाशा मागून घेतला, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. आता एकच शंका राहते. हरित मार्ग सोडून शेतांमधून किंवा जंगलातून जाणाऱ्या कच्च्या वाटा घेतल्या तर चालते का? गेल्या वर्षीच्या त्या साखळीमुळे मन कचरते.

प्रतिसाद ३

चालते, मात्र वाट कोणाच्या मालकीची आहे हे पाहावे लागते. ‘शमँ रुराल’ म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालकीची, पण सर्वांच्या वापरासाठी असलेली कच्ची वाट. तिच्यावरून तुम्ही बिनदिक्कत जाऊ शकता. अडचण अशी, की शेतकऱ्याचा ट्रॅक्टर किंवा रहिवाशाची गाडी तिच्यावर येऊ शकते, म्हणून तिला शांत म्हणता येईल, मोटारविरहित म्हणता येणार नाही. जानेवारी १९९१ च्या कायद्याने निसर्गक्षेत्रात सार्वजनिक रहदारीच्या वाटा सोडून मोटारी आणि मोटारसायकली चालवण्यास बंदी घातली, पण त्या कायद्यानेही शेतीच्या कामाची वाहने थांबत नाहीत. ‘शमँ देक्स्प्लोआतास्यों’ या शेतरस्त्यांची मालकी आजूबाजूच्या जमीनमालकांची असते आणि ते जाणाऱ्या-येणाऱ्यांना मनाई करू शकतात. जंगलातल्या कित्येक वाटा खासगी आहेत, आणि फेब्रुवारी २०२३ च्या कायद्यापासून, जागा खासगी असल्याची स्पष्ट खूण असताना आत शिरणे हा दंडनीय अपराध झाला आहे. त्यामुळे साखळी दिसली की परत फिरणेच योग्य.

नकाशासाठी आयजीएन या राष्ट्रीय संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत. ते बारीक वाटाही दाखवतात, पण वाट कोणाची आहे हे खात्रीने सांगत नाहीत. पृष्ठभागासाठी मी ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा पाहतो. त्यात कच्च्या वाटांना एक (सर्वांत पक्की) ते पाच (सर्वांत मऊ) अशा श्रेणी दिलेल्या असतात. तुमच्या टायरना दुसरी श्रेणी उत्तम, तिसरी कोरड्या हवेत चालेल, आणि चौथीपासून पुढे सायकल ढकलण्याची तयारी ठेवावी. श्रेणी स्वयंसेवकांनी नोंदवलेल्या असल्यामुळे उपग्रहचित्राशी ताडून पाहण्याचा त्रास मी नेहमी घेतो.

सप्टेंबरमध्ये जाणार आहात म्हणून आणखी एक गोष्ट. त्याच महिन्यात बहुतेक ठिकाणी शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि तो फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. वाटेच्या तोंडाशी ‘शास आं कूर’, म्हणजे शिकार चालू आहे, अशी पाटी दिसल्यास त्या जंगलात जाऊ नये, आणि रविवारी तर मुळात हरित मार्गावरच राहावे. भडक रंगाचे जाकीट दोघांनीही घालावे.

पाण्याची चिंता नको. गावाच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो. ‘नों पोताब्ल’, म्हणजे पिण्यास अयोग्य, अशी पाटी नाही ना एवढे पाहावे. खाण्याचे मात्र आधी ठरवावे लागते, कारण लहान गावांतली दुकाने दुपारी दोनेक तास बंद असतात, आणि रविवारी दुपारनंतर व सोमवारी अनेकदा उघडतच नाहीत. ब्रिटनीहून व्हालांसला जाताना टीजीव्ही ही अतिवेगवान रेल्वे घेणार असाल तर न मोडलेल्या सायकलीची जागा तिकिटासोबतच आरक्षित करावी. सायकलींसाठी जागा फार थोड्या असतात, आणि काही गाड्यांत त्या नसतातही.