कास्टिंग डायरेक्टर शिकवतात त्या वर्कशॉपमध्ये प्रवेश कसा मिळवायचा?

तिसरी_घंटा:
नमस्कार. मी नाटकात कामं करते, आता कॅमेऱ्यासमोर काम करायचंय. एजंट नाही, या क्षेत्रात ओळखीचं कुणी नाही. भूमिकांसाठी कलाकार निवडणारे कास्टिंग डायरेक्टर स्वतः येऊन वर्कशॉप घेतात असं ऐकलंय. तिथे प्रवेश मिळतो कसा? अर्जाबरोबर शोरील, म्हणजे आधीच्या कामातल्या निवडक दृश्यांचा व्हिडिओ मागतात, ते माझ्याकडे नाही. शिवाय एका जाहिरातीत ‘निवडलेल्यांना थेट भूमिका’ असं लिहिलंय. त्यावर विश्वास ठेवायचा का?

पडद्यामागची:
ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण पैसे तिथेच जातात. भूमिकेचं आमिष दाखवून फी मागत असतील तर तिकडे फिरकू नका. शिकवण्याची फी घ्यावी, त्यात काही गैर नाही. ऑडिशनची मात्र घेऊच नये. कॅलिफोर्नियात यासाठी कायदा करावा लागला, २०१० पासून तो लागू आहे. तरीही २०१७ मध्ये लॉस एंजलिसमध्ये वर्कशॉपच्या नावाखाली पैसे घेऊन ऑडिशन घेतल्याच्या आरोपावरून काही वर्कशॉपचालक आणि कास्टिंगमधल्या मंडळींवर खटले भरले गेले.

आता प्रवेशाचं. मी कास्टिंगच्या ऑफिसात अर्ज चाळते आणि ऑडिशनला समोरच्या पात्राच्या ओळी वाचते. शोरील नसल्यामुळे अर्ज बाजूला पडतो असं नाही. एक नीट केलेली सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेला अभिनयाचा व्हिडिओ पाठवा. मोबाईल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, छातीपासून वरची फ्रेम, मागे साधी भिंत, उजेड समोरून. नाटकाच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग मात्र नको. त्यात तुमचा आवाज शेवटच्या रांगेसाठी लावलेला असतो आणि चेहरा तर दिसतच नाही. फोटो अलीकडचा हवा, मेकअप कमी. फोटोतली व्यक्ती आणि दारातून आत येणारी व्यक्ती एकच वाटली पाहिजे.

चांगली वर्कशॉप बहुधा कास्टिंग डायरेक्टर स्वतःच्या अधिकृत पेजवर जाहीर करतात, नाहीतर अभिनय संस्था त्यांना पाहुणे म्हणून बोलावतात. कलाकारांच्या संघटनांकडेही चौकशी करा. अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा ही कलाकारांची युनियन आहे; तिच्याशी जोडलेलं सॅग-आफ्ट्रा फाउंडेशन युनियनच्या सभासदांसाठी अशी सत्रं मोफत घेतं.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा: बॅचमध्ये किती जण? आणि प्रत्येकाला तोच सीन दुसऱ्यांदा करायला मिळणार का? दुसरी संधी नसेल तर मी जाणार नाही. सगळं त्या दुसऱ्या खेपेत कळतं. समजा भांडणाचा सीन आहे. तुम्ही तो तयारीने केलात, छान झाला. मग समोरून सूचना येते, ‘त्याला तू मनातून केव्हाच माफ केलंयस, आता कर.’ बरेच जण मान डोलावतात आणि पुन्हा तेच करतात, फक्त थोडं हळू आवाजात. एखादी मुलगी मात्र क्षणभर थांबते. तिचं ऐकणं बदलतं, ओळी त्याच असून सीन वेगळा होतो. माझ्या वहीत खूण होते ती तिच्या नावापुढे. सेटवर दिग्दर्शक ऐन वेळी काही बदलायला सांगेल तेव्हा ही गडबडणार नाही, हे तिथेच समजतं. म्हणून पाठांतर पक्कं करा, पण म्हणायची पद्धत पक्की करून येऊ नका.

विंगेतला:
अगदी खरं! एक भर घालतो. कास्टिंग डायरेक्टरऐवजी त्यांचे असिस्टंट शिकवायला येणार असतील तरी नाक मुरडू नका. पहिली चाळणी पुष्कळदा तेच लावतात. मला पुढे ऑडिशनला बोलावलं ते एका असिस्टंटनेच, आणि तेही वर्कशॉपमध्ये केलेल्या सीनपेक्षा अगदीच वेगळ्या भूमिकेसाठी.

तिसरी_घंटा:
दोघांचे आभार. वर्कशॉप संपल्यावर संपर्क ठेवायचा कसा? सारखे मेसेज करायला संकोच वाटतो. आणि टेपसाठी समोरच्या ओळी माझा भाऊ वाचेल, त्याला अभिनय येत नाही. चालेल?

पडद्यामागची:
दोन ओळींचा मेल पुरे. कुठल्या वर्कशॉपमध्ये होतात, कोणता सीन केलात ते लिहा, फोटो जोडा, टेपची लिंक द्या. जड फाइल पाठवू नका, इनबॉक्स तुंबतो. त्यानंतर सांगण्यासारखं काही नवं असेल तेव्हाच लिहा, म्हणजे नवीन काम किंवा बदललेला लूक. खासगी नंबरवर मेसेज नको. आणि कुणी ‘ऑडिशन’ म्हणून एकटीला घरी किंवा हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर सरळ नाही म्हणा, नाव कितीही मोठं असो.

भाऊ चालेल की! त्याला फक्त सपाट, सावकाश वाचायला सांगा. लेन्सच्या अगदी शेजारी, पण मोबाईलच्या एक पाऊल मागे उभं करा. तुमची नजर लेन्सजवळ राहील, आणि माइकमध्ये तुमच्यापेक्षा त्याचाच आवाज मोठा येणार नाही.