नवीन माणसं येतात, पण टिकत नाहीत. तुमच्या मंडळीत काय करता?

जुना_जालना:

सलाम मंडळी.

मी जालन्याच्या एका चर्चच्या मंडळीत पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीवर आहे. रविवारी सकाळी मराठी भक्ती असते. जुनी घराणी मोजकी. तीच शास्त्रवाचन (बायबलवाचन) करतात, तीच दानाची थैली फिरवतात आणि तीच एकमेकांशी भांडतात. अलीकडं मात्र मागच्या बाकावर वेगळे चेहरे दिसायला लागलेत. सळईच्या कारखान्यांत काम करणारी झारखंड-ओडिशाची पोरं, खासगी दवाखान्यांतल्या नर्स मुली, लेकरांच्या शिक्षणासाठी अंबड-घनसावंगीकडून येऊन खोली करून राहिलेली कुटुंबं. कुणाचा बाप्तिस्मा झालेला, कुणी नुसतं ऐकायला आलेलं. आशीर्वादाचं 'आमेन' व्हायच्या आत ही माणसं बाजूच्या दारानं निघून जातात. थोडे रविवार येतात आणि मग दिसत नाहीत.

कमिटीत विषय काढला. एक सूचना आली, नव्या माणसाला पुढं बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं. दुसरी, मैदानात मंडप टाकून तीन दिवस सभा घ्यायच्या. त्याला पैसा नाही, आणि सध्याच्या वातावरणात परवानगीसाठी कोण खेटे घालणार? तिसरी, व्हॉट्सअॅप ग्रुप. तो आहेच. त्यात सकाळी फुलं येतात आणि संध्याकाळी निधनवार्ता.

पाळकसाहेब चांगले आहेत, पण त्यांच्याकडं खेड्यांतल्या मंडळ्याही आहेत आणि बदली आज ना उद्या होणारच. म्हणजे करायचं ते आम्हा सभासदांनाच. आलेला माणूस टिकावा म्हणून तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत? आणि चर्चच्या भिंतीबाहेर, गावात, असं काय करता की जे कुणाला डिवचणार नाही आणि नुसतं फोटोपुरतंही राहणार नाही? 'प्रीती करा' एवढंच उत्तर असेल तर ते मला पाठ आहे.

निवृत्त_सिस्टर_लातूर:

भाऊ, शाल देऊ नका. नवीन माणूस मागच्या बाकावर बसतो तो कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्यालाच पुढं उभं करून टाळ्या वाजवल्या तर तो परत कशाला येईल?

माझं पहिलं सांगणं, आडनाव विचारू नका. आपल्याकडं माणूस दिसला की 'कोणते तुम्ही?', मग 'गाव कुठलं?', मग 'तिथल्या अमक्यांचे कोण?' आपल्याला वाटतं आपण ओळख काढतोय. पण आडनाव आणि गाव कळलं की गल्ली कळते, गल्ली कळली की जात कळते. हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. ज्या प्रश्नापासून सुटायला ते माणूस आपल्याकडं आलं, त्याच प्रश्नानं आपण त्याला दारात गाठतो. आमच्याकडं दारावर उभं राहणाऱ्यांना मी सांगून ठेवलंय: फक्त नाव विचारा. मग जेवण कुठं करता, ड्युटी कधी सुटते, खोलीवर पाणी येतं का. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे, पाण्याचं विचारलं की मुकं माणूसही बोलायला लागतं.

दुसरं, बाक. पाटी कुठंच नसते, पण तिसरा बाक कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक. नवी बाई तिथं बसली की मागं कुजबुज सुरू. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिकडं उभा राहा' असं आहे. तो अध्याय तिसऱ्या बाकावरच्यांकडून वाचून घ्या एकदा.

गीताचा क्रमांक सांगितला की आपण पान न बघता म्हणतो. नव्याच्या हातात 'उपासना संगीत' नसतं, असलं तर अर्धं फाटलेलं. शेजारच्यानं पुस्तक दोघांच्या मधे धरायचं आणि बोटानं ओळ दाखवायची. ह्याला ठराव लागत नाही. पहिलं गीत अभंगाच्या चालीचं घ्या. वारकऱ्याच्या घरातून आलेल्यालाही ती चाल ओळखीची असते.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी नवीन माणसाची फार ओढाताण होते. सगळे उठून पुढं निघतात. हा एकटा बसून राहतो, नाहीतर उठतो आणि कुणीतरी त्याला दंडाला धरून थांबवतं. हे दंडाला धरणं मी डोळ्यांनी पाहिलंय, ती मुलगी पुन्हा आली नाही. ते कुणी घ्यायचं याचा तुमच्या मंडळीचा जो नियम असेल तो पाळकांनी आधीच सोप्या शब्दांत सांगावा, आणि जे बसून राहतील त्यांच्याकडं कुणी वळून बघणार नाही हेही सांगावं.

घरभेट त्याच आठवड्यात. दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी, अर्ध्या तासात उठावं. वर्गणी, पावती हे शब्द तोंडातून निघू नयेत. 'प्रार्थना करू का?' असं विचारावं, नको म्हणाले तर चहा पिऊन यावं. आमच्याकडं नीटच्या शिकवणीची मुलं फार. त्यांच्या टेस्ट बऱ्याचदा रविवारी सकाळीच असतात. म्हणून रविवारी संध्याकाळी एका घरी छोटी प्रार्थना आणि नंतर पिठलं-भाकरी. मेसला वैतागलेली पोरं प्रार्थनेसाठी येतात असा माझा मुळीच गैरसमज नाही. पिठल्याला येतात. येऊ द्या.

बाहेरच्या कामाचं म्हणाल तर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत होते. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं होती ती. नंतर मदतीला कितीतरी जण आले. तिकडच्या जुन्या माणसांशी बोला, कोण औषधं आणि पत्रे घेऊन पुन्हा पुन्हा येत राहिलं आणि कोण नुसती पत्रकं वाटून गेलं, ते अजून सांगतात. आमच्या महिला मंडळाचं काम आज एवढंच आहे: सरकारी दवाखान्यात परगावचा पेशंट भरती असला की त्याच्या नातेवाइकाला डबा, गरम पाणी, आणि केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो ते दाखवणं. कोण तुम्ही, असं कुणी विचारलं तर सांगतो. नाही विचारलं तर डबा धुऊन परत आणतो.

छावणीतला_म्हातारा:

सिस्टरबाईंचं बरंच पटलं, आडनावाचं तर शंभर टक्के. पण मी थोडं उलट बोलणार.

नवीन माणूस म्हणजे कोण, हे आधी ठरवा. कमिटीची निवडणूक जवळ आली की काही ठिकाणी सभासद अचानक वाढतात. फॉर्म भरून घेणारा एकच, वर्गणी भरणाराही तोच. मतदान झालं की ती माणसं गायब. ह्याला आउटरीच म्हणायचं नाही. म्हणून सभासद नोंदणी सावकाश व्हावी आणि आधीच्या मंडळीचं पत्र मागावं, ह्या मताचा मी आहे. मात्र भक्तीला बसायला, लेकराला रविवार शाळेत पाठवायला, आजारपणात पाळकाला बोलवायला रजिस्टर आड येऊ नये. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांनाही त्यात जागा ठेवली होती.

खरी परीक्षा दफनभूमीत होते. परराज्यातला कामगार अपघातात गेला, घरचे दोन दिवसांच्या वाटेवर, आणि इकडं 'रजिस्टरला नाव नाही' म्हणून वाद. ती वेळ यायच्या आधीच ठराव करून ठेवा, सह्यांसकट.

नाव नोंदवायला काही जण कचरतात, त्यामागं जातीच्या दाखल्याचा प्रश्न असतो हेही लक्षात घ्या. अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. त्यात आधी हिंदूच होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती माणूस त्याच्या बाहेरच राहिला. पोराच्या फीची काळजी असलेल्या बापाला 'तुझा विश्वास कच्चा' म्हणणं फार सोपं आहे. खोटं लिहायचा सल्ला देऊ नका आणि त्याच्यावर घाईही करू नका. निर्णय त्याचा आहे.

तुम्ही जालन्याचे म्हणून एक आठवण करून देतो. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी तुमच्याजवळच बेथेल वसवलं, दिवाण सालारजंगांच्या काळात, निजामाच्या मुलखात मिळालेल्या जमिनीवर. गावकीनं ज्यांना पाणी तोडलं असतं अशांना आसरा म्हणून ती वस्ती. तुमच्या जुन्या घराण्यांतली काही तिथूनच आली असतील. पुढच्या मीटिंगमध्ये विचारून बघा, तुमच्या पणजोबांनी येताना कुठल्या मंडळीचं पत्र आणलं होतं? (माझ्याच पत्राच्या मुद्द्याला ह्यानं छेद जातो, कळतंय मला.) १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तरी 'आम्ही अँग्लिकन, ते स्कॉच मिशनवाले' हे आमच्याकडं अजून ऐकू येतं. घरच्यांनाच अजून नीट आत घेतलेलं नाही, तर नव्यांचं काय सांगावं.

केजचा_मास्तर:

आमची अडचण उलटी. दसरा झाला की निम्मी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऊसतोडीला, साखर कारखान्याला. मुकादमाची उचल घेतलेली, मग नाताळची सुट्टी कोण देतो? नाताळच्या भक्तीला म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि पेटी वाजवायला मी. म्हणून उपकारस्तुतीचा सण, बाप्तिस्मे, लग्नं, सगळं उन्हाळ्यात. नाताळला आम्ही गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतो, कोण कुठल्या कारखान्याला आहे त्यासकट.

एक करून बघितलं. टोळी जिथं उतरली तिथल्या जवळच्या मंडळीला फोन करायचा: अमुक शिवारात कोप्या (ऊसतोड्यांच्या झोपड्या) पडल्यात, त्यात आमची तीन घरं आहेत. कोल्हापूरकडच्या एका मंडळीतलं जोडपं नाताळच्या संध्याकाळी कोपीवर गेलं. सोबत केक आणि पोरांना स्वेटर. बोलावलं पण त्यांनी, पण पहाटे चारला फडात जाणारं माणूस भक्तीला कसं येणार? मग तेच पुन्हा आले. आमच्या बायका अजून त्या बाईचं नाव काढतात. जालन्यातली झारखंडची पोरं म्हणजे हीच गोष्ट, भाऊ. शिफ्ट बघा त्यांची. रविवारी सकाळी रात्रपाळीवरून आलेलं पोरगं झोपेल का उपदेश ऐकेल? आणि त्याच्या गावच्या पाळकाला एक फोन करा, पोरगं पोचलंय म्हणून.

गावातल्या कामाबद्दल. आईबाप कारखान्याला गेल्यावर मागं राहिलेल्या पोरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, जेवणाचं भागतं. अभ्यासाचं काय? चर्चच्या खोलीत लाईट आहे, सतरंज्या आहेत. संध्याकाळी गणित आणि इंग्रजी घेतो. सगळ्या समाजांची पोरं येतात. पहिल्याच दिवशी पालकांना बोलावून सांगितलं, इथं प्रार्थना होणार नाही, ती रविवारी होते आणि ज्याला यायचं त्याला दार उघडं आहे. सरपंचांना लेखी कळवलं, शाळेच्या हेडमास्तरांना पण. दोघांनी कुरकुर केली, त्यांना म्हटलं या, बसा, बघा. आले, बसले. त्यातल्या एकाचा नातू आता येतो. घटनेचं कलम २५ आपल्याला धर्म पाळायचा आणि सांगायचा हक्क देतं, मान्य, पण पोरांच्या अभ्यासाच्या आड ते सांगणं लपवलं की विश्वास जातो, आणि मग दवाखान्यातला डबाही संशयाचा होतो.

नांदेडची_एकजण:

मी थोडंच लिहिते. मी स्वतः नवीन होते, म्हणून.

मी पहिल्यांदा आले तेव्हा कडेवर मुलगी होती आणि ती रडत होती. मला वाटलं आता बाहेर जा म्हणतील. एका काकूंनी तिला घेतलं आणि पूर्ण उपदेश होईपर्यंत मागं फिरवत राहिल्या. मी काय ऐकलं ते आठवत नाही, पण दीड तास हात मोकळे होते.

नंतर कुणीतरी माझा फोटो काढला आणि 'आज आपल्यात नवीन बहीण' म्हणून ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत माझ्या दिरापर्यंत गेला. घरी काय झालं ते इथं लिहीत नाही. पुढं बरेच महिने मी आले नाही. पुन्हा आले ती त्या काकूंमुळं. त्या घरी आल्या नाहीत, बाजारात भेटायच्या, भाजी घेता घेता बोलायच्या. घरभेट सगळ्यांनाच झेपत नाही, सिस्टर. आधी विचारा, कुठं भेटलेलं चालेल. आणि फोटो नको म्हणजे नको, नाताळला सुद्धा.

निवृत्त_सिस्टर_लातूर:

बाई, बाजाराचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता दारावरच्यांना हेही सांगते.

जुना_जालना:

सगळ्यांचे आभार. सिस्टरांचं आणि नांदेडच्या ताईंचं उत्तर प्रिंट काढून कमिटीत वाचलं. शालीचा विषय संपला. ज्यांनी सुचवला होता ते रागावलेत, तीन शाली आधीच आणल्या होत्या त्यांनी. त्या केजच्या मास्तरांकडच्या आज्यांना पाठवू का?

फोटो बंद, हे एकमतानं झालं. दफनभूमीचा ठराव पुढच्या मीटिंगला आहे, त्यावर भांडण होणार आणि मला ते करायचं आहे. पणजोबांच्या पत्राचं मी विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एक आजोबा म्हणाले, 'माझ्या पणज्याकडं सदरा पण नव्हता.'

कारखान्याच्या पोरांसाठी पाळकसाहेब बुधवारी संध्याकाळी, पाळी बदलायच्या वेळेला, एमआयडीसीजवळच्या एका सभासदाच्या अंगणात हिंदीतून छोटी प्रार्थना घ्यायला तयार झालेत. अडचण आता भाषेची. आमच्याकडं हिंदी शास्त्राची एकच प्रत आहे, जाड, वेदीवरची. त्यांना हातात मावेल अशी हवी. आणि त्यांच्यातला एक जण सादरीत, म्हणजे त्यांच्याकडच्या बोलीत, गीतं म्हणतो, आमच्या तबलजीला तो ठेका सापडत नाहीये. कुणाच्या ओळखीत त्या बाजूचं कुणी वाजवणारं आहे का?

छावणीतला_म्हातारा:

हिंदी नवे करार बायबल सोसायटीकडून मागवा, लहान आकारात मिळतात. ठेक्याचं म्हणाल तर तबलजीला गप्प बसवा आणि त्या पोरालाच ढोलक द्या.