साधना कमी, तोरा जास्त: तुमचेही अनुभव येऊ द्या

मेथीचीजुडी:
काल जिन्यात शेजारचा मुलगा भेटला, इगतपुरीहून विपश्यना करून नुकताच आलाय. "काकू, मी आता रिअ‍ॅक्ट करत नाही." स्वर असा की मी आपसूक बाजूला झाले. आणि माझं २०१४ आठवलं. विपश्यनेचं दुसरं शिबिर. नव्यांना संध्याकाळी पाचला चहा, कुरमुरे, फळ. आम्हा जुन्या साधकांना नुसतं लिंबूपाणी. तो पेला मी काय धरायचे! कुरमुरे खाणाऱ्या बायकांची चक्क कीव यायची. बाहेर मौन, आत अखंड प्रवचन. घरी आले, दूध उतू गेलं, मी शांतपणे "अनिच्च" (म्हणजे सगळं अनित्य) म्हणाले. ओटा नवऱ्याने पुसला.

सांडगे_मिरची:
अनिच्च 😂😂 मेले

पायपीट:
आळंदी ते पंढरपूर, पहिलीच पूर्ण वारी. दिवेघाटात फोटो काढून पुण्याला परतणाऱ्यांना मी 'एकदिवसीय सामने' म्हणायचो. वाल्ह्याला एक आजी वाकल्या, पायांना हात लावून "माउली" म्हणाल्या. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, माहीत होतं. तरी वाटलं, दिसले वाटतं हिला माझे फोड! उलट वाकायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी कळलं, आजींची एकतिसावी वारी. अजून कानशिलं तापतात.

नीरेकाठची:
वाल्ह्याला कुठे उतरला होता? माहेर आहे माझं जवळच

गुळांबा:
आमच्या जपाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात रोज रात्री आकडा टाकायचा. एक ताई ५१ माळा टाकायच्या. एकदा मी ५२ टाकल्या. झाल्या होत्या ३०. रामनामात थाप मारली हो मी! आणि ताईंनी 🙏 टाकल्यावर छान झोप लागली, हे जास्त वाईट.

उंबरठा:
सासूबाईंचा गुरुचरित्राचा सप्ताह. मला १०२ ताप. सोवळ्यात म्हणून तांब्या दाराशी ठेवला आणि पायाने सरकवला. पाणी सांडलं थोडं. एवढंच. भाजी फोडणीला टाकलीये, येते नंतर

मेथीचीजुडी:
उंबरठा, ये गं सावकाश. मिठी.

जुनाखोडकर:
अहो, नामदेवरायही यातून सुटले नाहीत. गोरोबाकाका थापटण्याने एकेकाचं डोकं तपासत आले. बाकीचे गप्प बसले, हे रागावले. झालं, कच्चं मडकं! देव रोज ज्याच्याशी बोलायचा त्याची ही गत. मग गुरू करायला औंढ्याला गेले, तर तिथे विसोबा खेचर, पिंडीवर पाय टाकून झोपलेले. उचला म्हटलं तर, पिंड नसेल तिथे ठेव म्हणाले. आता महाद्वारात पायरी आहेच, आपण त्यांना ओलांडूनच आत जातो. आमच्या घरी मी उपासाचं कौतुक सांगायला लागलो की ही लाटणं दाखवते.

सांडगे_मिरची:
आणि चांगदेव? १४०० वर्षं तप, माउलींना पत्र पाठवलं ते कोरं. मायना काय लिहावा सुचेना, वयाने मोठा की ज्ञानाने! मुक्ताईने काढलीच लाज, एवढा जगूनही कोराच म्हणून.

पायपीट:
@नीरेकाठची शाळेच्या मागे, राहुटीत. रात्रभर पाऊस.

नीरेकाठची:
अरे मग पुढच्या वर्षी घरीच या सगळे. पिठलं भाकरी ठरलं.

गुळांबा:
जुडे, कुरमुरे साधे होते की फोडणीचे?

मेथीचीजुडी:
साधे. मौन सुटल्यावर दोन वाट्या मागून घेतले.